पांढरा रंग जुना, की एका दिवसाचा पोशाख नवा? (पाश्चात्त्य वधूवेशाचा इतिहास)

सुईदोरा

युरोप-अमेरिकेतील वधूवेशाचा विषय निघाला की दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे, की पांढरा रंग हे कौमार्याचे प्रतीक असून ख्रिस्ती समाजात ते फार पूर्वीपासून चालत आले आहे. दुसरे विधान पहिले खोडून काढणाऱ्यांचे असते : तसे काहीही नाही, १८४० साली व्हिक्टोरिया राणीने पांढरा पोशाख घातला आणि तिथून ही रीत पडली. पहिले विधान चुकीचे आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण आताशा दुसरेही मला पुरेसे वाटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रथम व्हिक्टोरियाच्या आधीचे पाहू. इंग्लंडची राजकन्या फिलिपा हिचे १४०६ साली लुंड येथे पोमेरेनियाच्या एरिक राजाशी लग्न झाले, तेव्हा तिचा झगा आणि पायघोळ डगला पांढऱ्या रेशमाचा असून त्याला खारीच्या आणि अर्मिनच्या फरची किनार होती. स्कॉटलंडची राणी मेरी १५५८ साली पॅरिसच्या नोत्र दाममध्ये फ्रान्सच्या युवराजाशी विवाहबद्ध झाली तीही पांढऱ्या वेशात, आणि त्या काळी फ्रान्सच्या राण्या वैधव्यात पांढरा रंग वापरत असत. म्हणजे एकच रंग एकाच दरबारात लग्नालाही चालत होता आणि सुतकालाही. पुढे १८०० च्या आसपास ग्रीक पुतळ्यांच्या अनुकरणाने उंच कमरेचे, तलम पांढऱ्या मलमलीचे पोशाख सर्वत्र आले. त्या वर्षांत पांढऱ्या मलमलीत लग्न करणाऱ्या मुलीच्या अंगावर तेव्हाची चालू फॅशन होती, एवढेच.

राजघराण्यात मात्र मान होता तो जरीला. राजकन्या शार्लटने २ मे १८१६ रोजी आपल्या लग्नात चांदीच्या जरीचा पोशाख घातला होता आणि तो आजही जतन केलेला आहे. या पार्श्वभूमीवर १० फेब्रुवारी १८४० या दिवशी सेंट जेम्स राजवाड्याच्या चॅपेलमध्ये व्हिक्टोरिया आली तेव्हा तिने काय घातले नव्हते, हे अधिक बोलके आहे. चांदीची जर नव्हती, लाल मखमलीचा राजेशाही झगा नव्हता, मुकुटही नव्हता. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये विणलेले पिवळसर पांढरे सॅटिन, त्यावर होनिटन लेसची (इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील हातविणीच्या लेसची) रुंद झालर, डोक्यावर संत्र्याच्या फुलांची माळ आणि छातीवर अल्बर्टने दिलेला नीलमण्याचा ब्रूच, असा तो वेश होता. सॅटिनचा सोगा (पोशाखाचा मागे जमिनीवर लोळणारा भाग) मात्र सुमारे १८ फूट लांब होता आणि तो उचलायला बारा करवल्या होत्या.

आता माझा मुद्दा. पांढरा रंग अधूनमधून होताच. व्हिक्टोरियामुळे त्याला वजन आले, हेही मान्य. पण वधूवेशाच्या इतिहासातली खरी मोठी घटना रंगाची नसून उपयोगाची आहे, असे मला वाटते. लग्नाचा पोशाख म्हणजे आपल्याकडचा सर्वांत चांगला पोशाख, जो लग्नानंतर दर रविवारी, सणावाराला आणि पाहुण्यांकडे घालायचा, ही समजूत शतकानुशतके चालली. मग केव्हातरी तो एकदाच घालून पेटीत ठेवण्याचा पोशाख झाला. हे केव्हा झाले आणि का झाले, यावर जाणकारांनी लिहावे.

पानगळ

मुद्दा चांगला आहे, पण व्हिक्टोरियाला तुम्ही जरा घाईने बाजूला सारले असे वाटते. तिने पांढरा रंग का निवडला याचे उत्तर त्या लेसमध्ये आहे. जॉन हीथकोटने १८०९ च्या सुमारास जाळीचे कापड विणणारे यंत्र तयार केल्यापासून हाताने लेस विणणाऱ्या डेव्हन परगण्यातील बायकांचे काम झपाट्याने कमी झाले होते. राणीने आपल्या लग्नाची लेस त्यांच्याकडून करून घेतली. बिअर नावाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यात आणि आसपास २०० हून अधिक बायका त्या कामाला लागल्या होत्या. नक्षीचा आराखडा विल्यम डाइस या चित्रकाराचा होता, आणि दुसऱ्या कोणी ती उचलू नये म्हणून काम संपल्यावर आराखडे नष्ट करण्यात आले. एवढी लेस उठून दिसायची तर खालचे कापड साधे आणि लेसच्याच रंगाचे हवे. माझ्या मते पांढऱ्या सॅटिनमागे शुचितेच्या कल्पनेपेक्षा हा हिशेब मोठा होता.

यातला एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. होनिटनच्या बायकांनी फुले-पाने हाताने विणली, पण ती टाचली गेली यंत्रावर विणलेल्या सुती जाळीवर. ज्या यंत्राने त्यांचे पोट मारले, त्याच यंत्राच्या जाळीवर त्यांची कला राणीच्या लग्नाला गेली.

जुना चष्मा

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या लग्नाचे छायाचित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. त्यात ती पांढऱ्या पोशाखात आणि तो गणवेशात स्पष्ट दिसतो. मग रंगाविषयी आणि पोशाखाविषयी एवढी चर्चा कशासाठी?

पानगळ

ते छायाचित्र लग्नाचे नाही. १८४० साली छायाचित्रण नुकते जन्मले होते आणि त्या समारंभाचे एकही छायाचित्र नाही. तुम्ही पाहिलेले चित्र रॉजर फेंटन याने १८५४ साली काढलेल्यांपैकी असणार. त्या वेळी लग्नाला चौदा वर्षे झाली होती, आणि अंगावर आहे तो दरबारी पोशाख. समारंभाचे चित्र हवे असेल तर जॉर्ज हेटर याने रंगवलेले पाहावे. विंटरहाल्टरने काढलेले, वधूवेशातील राणीचे सुप्रसिद्ध चित्रही १८४७ चे आहे. लग्नाच्या वाढदिवसाला अल्बर्टला भेट देण्यासाठी ते करून घेतले होते. थोडक्यात, ‘व्हिक्टोरिया वधू’ म्हणून जी प्रतिमा आपल्या डोळ्यांसमोर येते ती बरीचशी नंतर घडवलेली आहे.

उसवण

जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम मी करते. त्यामुळे पोशाख मी सहसा बाहेरून कमी आणि आतून जास्त पाहते. सुईदोरा यांच्या प्रश्नाला मी त्या बाजूने उत्तर देते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला वधूवेश उलटा करून टेबलावर पसरला की पहिल्यांदा नजर जाते ती बगलेखालच्या शिवणीकडे. तिथे कापड जास्तीचे दुमडून ठेवलेले असते, आणि पुष्कळदा त्या दुमडीच्या कडेला टाक्यांच्या रिकाम्या भोकांची रांग दिसते. ती जुनी शिवण. कोणीतरी ती उसवून बॉडिस (पोशाखाचा कमरेवरचा भाग) दोन बोटे सैल केलेला असतो. कधी त्यानंतर आणखी एकदा. कमरेच्या आतल्या पट्टीचे हूक एकाच जागी तीन वेळा लावलेले मी पाहिले आहेत. झग्याच्या घेराला आतून लावलेली गोंड्याची पट्टी झिजून तिचे तंतू निघालेले असतात आणि तिच्यात रस्त्याची माती अजूनही अडकलेली असते. चर्चपासून घरापर्यंत एकदाच चालून एवढी झीज होत नाही. तो पोशाख घालणारी पुढे जाडी झाली, बाळंतपणे झाली, आणि पोशाख तिच्याबरोबर वाढला, हे सारे त्या भोकांत लिहिलेले असते.

याच काळातली आणखी एक सोय म्हणजे एकाच झग्यावर दोन बॉडिस. एक बंद गळ्याचा आणि लांब बाह्यांचा, चर्चसाठी. दुसरा खोल गळ्याचा आणि आखूड बाह्यांचा, लग्नानंतरच्या मेजवान्या आणि नाचांसाठी. १८७० ते १८९० च्या दरम्यानच्या पोशाखांत अशा जोड्या बऱ्याच सापडतात. ज्या घरात दोन बॉडिस शिवले, त्या घराला हा पोशाख लग्नानंतरही घालायचा होता, हे उघड आहे.

परंतु एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. संग्रहालयांतल्या कपाटांवरून निष्कर्ष काढताना आपण नेहमी फसतो, कारण तपकिरी, निळे, गडद लाल असे रोजच्या उपयोगाचे वधूवेश वापरून-वापरून विरले, त्यांची पोरांची झबली झाली आणि शेवटी फडकी. पांढरे पोशाख वापराच्या दृष्टीने गैरसोयीचे, म्हणून ते पेटीत राहिले आणि आपल्यापर्यंत पोचले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१४ साली १७७५ पासूनच्या वधूवेशांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. असे प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्याला जुन्या काळच्या बहुतेक वधू पांढऱ्याच पोशाखात होत्या असे वाटले तर त्याचा दोष नाही. टिकले ते दिसते. जे लग्नांत सर्वाधिक वापरले गेले, तेच आज सर्वांत दुर्मीळ आहे.

निरीक्षक

उसवण यांचा प्रतिसाद वाचून धाग्याचे सार्थक झाले. मी रंगाच्या अर्थाविषयी थोडे लिहितो, कारण मूळ लेखात पहिले विधान चुकीचे म्हणून सोडून दिले आहे, ते कसे चुकीचे ठरते हे मांडलेले नाही.

युरोपच्या जुन्यात जुन्या, नीट नोंदलेल्या वधूवेशाचे लक्षण पांढरा रंग हे नव्हतेच. रोमन वधूचा अंगरखा साधा, उभ्या मागावर विणलेला असे. कमरेला हर्क्युलिसच्या नावाने ओळखली जाणारी गाठ मारलेला लोकरी पट्टा, आणि भाल्याच्या टोकाने भांग पाडून केसांचे सहा पेड. वधू म्हणून तिला ओळखायचे ते डोक्यावरच्या ‘फ्लॅमेअम’ नावाच्या आच्छादनावरून, आणि ते ज्वाळेसारखे पिवळे-केशरी असे. अंगरखा कसलाही असो, लग्न त्या पिवळ्या कापडात होते. मध्ययुगात शुचितेशी जोडला गेलेला रंग पाहायचा तर मेरीमातेच्या झग्याचा निळा रंग आहे. आणि उत्तर युरोपातील शेतकरी समाजांत, स्कँडिनेव्हियात आणि जर्मनीच्या काही भागांत, एकोणिसाव्या शतकापर्यंत वधू चक्क काळ्या पोशाखात लग्न करीत असे. काळा चांगला रंगवलेला लोकरी पोशाख महाग असे, टिकाऊ असे, आणि तो पुढे चर्चला, प्रेतयात्रेला, सगळीकडे चालत असे. आज त्यात कोणाला अपशकुन दिसेल. त्या वधूला त्यात शहाणपण दिसत होते.

मग ‘प्राचीन काळापासून पांढरा’ ही समजूत आली कुठून? माझे उत्तर आहे, स्त्रियांच्या मासिकांतून. अमेरिकेतील ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८४९ साली वधूला पांढराच रंग सर्वांत शोभतो हे रूढीने अतिप्राचीन काळापासून ठरवून ठेवले आहे, अशा आशयाचे लिहिले आणि त्याची सांगड मुलीच्या निरागसपणाशी घातली. व्हिक्टोरियाच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षे झाली होती! नऊ वर्षांत एखादी फॅशन ‘अतिप्राचीन’ होऊ शकते, हे मला या विषयातले सर्वांत बोधप्रद उदाहरण वाटते. एकदा अर्थ चिकटला की नियमही आले. शतकाच्या अखेरच्या शिष्टाचाराच्या पुस्तकांत पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पांढरा पोशाख, व्हेल (वधूच्या डोक्यावरून सोडलेले झिरझिरीत वस्त्र) आणि संत्र्याची फुले वर्ज्य मानावीत आणि करडा किंवा फिकट जांभळा रंग घ्यावा, असे बजावलेले आढळते. रंग आधी आला आणि त्याचे तत्त्वज्ञान मागाहून, हा क्रम लक्षात ठेवावा.

अक्षरवेल्हाळ

थोडे शंकासमाधान हवे आहे. १८६० ते १८८० च्या दरम्यानच्या सामान्य माणसांच्या लग्नाच्या छायाचित्रांत बहुतेक वधू मला पांढऱ्या किंवा जवळजवळ पांढऱ्या पोशाखात दिसतात, आणि ही माणसे काही श्रीमंत वाटत नाहीत. रंगीत पोशाख एवढे सर्रास असतील तर ते छायाचित्रांत तरी दिसायला हवेत. छायाचित्रे कोणी वापरून फाडत नाही. तिथे ‘टिकले ते दिसते’ हा मुद्दा कसा लागू होईल?

उसवण

उत्तम प्रश्न. मुद्दा तिथे वेगळ्या रीतीने लागू होतो, कारण ती छायाचित्रे रंगांच्या बाबतीत खोटे बोलतात.

१८५१ नंतर रूढ झालेली ओल्या काचेची कोलोडिअन पद्धत निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती, आणि पिवळ्या-तांबड्याला जवळजवळ आंधळी. परिणामी फिकट निळा पोशाख छायाचित्रात पांढरा उमटतो. उलट मोतिया किंवा फिकट पिवळा पोशाख डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा गडद येतो आणि तांबडा काळा होतो. (याच कारणाने निळ्या डोळ्यांची माणसे त्या छायाचित्रांत भुतासारखी दिसतात आणि चेहऱ्यावरचे तांबूस वांग ठळक डागांसारखे येतात.) जर्मन रसायनशास्त्रज्ञ फॉगेल याने १८७३ साली रंगद्रव्य मिसळून हा दोष कमी करता येतो हे दाखवले, पण सर्व रंगांना नीट प्रतिसाद देणाऱ्या काचा आणि फिल्म सर्रास मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. तेव्हा कोलोडिअन छायाचित्रातील ‘पांढरी’ वधू पाहिली की मी तरी एवढेच म्हणते, की पोशाख पांढरा किंवा आकाशी असावा.

यावरून शक्य असेल तेव्हा कापडाचा तुकडा पाहावा, हे ओघानेच आले. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे रेशीम पाहताना आणखी एक संकट असते. कच्च्या रेशमावरचा डिंक धुऊन काढला की त्याचे वजन २० ते २५ टक्क्यांनी घटते, आणि रेशीम विकले जाई वजनावर. ही तूट भरून काढण्यासाठी, आणि पुढे तिच्याही पलीकडे जाऊन, गिरण्यांनी रेशमात कथिलासारख्या धातूंचे क्षार मुरवायला सुरुवात केली. असे रेशीम हातात जड लागते, सुरेख सळसळते आणि त्याला पडही छान येतो. पण शंभर वर्षांनी घडीच्या रेषेवर ते बारीक काचेसारखे तडकते. पेटी उघडून पोशाख नुसता उचलला तरी खाली पातळ पापुद्र्यांचा चुरा पडतो. १८४० चे सॅटिन धडधाकट आणि १९०० चे त्याहून महागडे रेशीम ठिकऱ्या, हे दृश्य आमच्या कामात नवलाचे नाही. यावर उपाय जवळपास नाहीच; घड्या न घालता आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या आत भरून सपाट ठेवणे, इतकेच हाती असते.

पानगळ

एकदाच घालायच्या पोशाखाकडे परत येतो. माझ्या समजुतीप्रमाणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही चैन मूठभरांचीच होती. १९२० नंतर गंमत अशी झाली की रोजचे पोशाख गुडघ्यापर्यंत आखूड झाले, आणि वधूवेशाने त्या आखूडपणावर लांब सोगा आणि कपाळापर्यंत ओढलेला व्हेल चढवला. म्हणजे रोजची फॅशन आणि लग्नाची फॅशन यांची फारकत तिथे नजरेत भरू लागली.

दुसऱ्या महायुद्धाने ही फारकत तात्पुरती मोडली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. सुरुवातीला प्रौढ माणसाला वर्षाला ६६ कूपन मिळत आणि एका लोकरी पोशाखाला ११ लागत. नंतर कूपनांची संख्या घटतच गेली. मैत्रिणी, नात्यातल्या बायका एकच पांढरा पोशाख फिरवून वापरीत. पुष्कळ जणी सरळ सूट घालून लग्न करीत, कारण तो पुढे कामाला येई. सैन्यदलात काम करणाऱ्या वधूंना वापरून परत करण्यासाठी पोशाख मिळावेत म्हणून लेखिका बार्बरा कार्टलंड यांनी जुने वधूवेश मिळवण्याचे काम केले होते.

२० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले ते याच काळात. वेशभूषाकार नॉर्मन हार्टनेलने इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या चित्रातील वसंताच्या फुलांवरून नक्षी बेतली आणि मोती अमेरिकेतून आणवले. राजकन्येलाही कूपन भरावीच लागली. सरकारने तिला काही जादा दिली. देशभरातल्या मुलींनी आपली कूपन तिला पोस्टाने पाठवली, आणि ती सगळी परत करावी लागली, कारण दुसऱ्याची कूपन वापरणे बेकायदेशीर होते. रेशमाचे किडे शत्रुराष्ट्रांतले तर नाहीत ना, अशी विचारणाही झाली. ते चीनचे आहेत असा खुलासा करावा लागला. एका पोशाखातील किड्यांच्या राष्ट्रीयत्वावर चर्चा झाल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

याच वर्षी, जुलैमध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एक लग्न झाले, त्यातला पोशाख आता स्मिथसोनियन या तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. वर बी-२९ विमानाचा वैमानिक होता. १९४४ साली जपानवर बॉम्बफेक करून परतताना इंजिनाने पेट घेतला, तो हवाई छत्रीने उतरला आणि सुटकेची वाट पाहताना रात्रभर तेच नायलॉन त्याने उशाला आणि पांघरुणाला घेतले. लग्नाची मागणी घालताना त्याने ती छत्री मुलीला दिली आणि हिचा पोशाख शिव म्हणाला. बॉडिस आणि व्हेल तिने शिंपिणीकडून करून घेतला. घागरा तिने स्वतः केला, आणि कापड कापण्याऐवजी छत्रीच्या दोऱ्या पुढच्या बाजूने ओढून घेतल्या, त्यामुळे पुढून घोळ आखूड झाला आणि मागे आपोआप सोगा पडला. शिवणकाम जाणणाऱ्याने ही युक्ती क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहावी.

अक्षरवेल्हाळ

छायाचित्रांविषयीचे उत्तर पटले. माझा आक्षेप मागे घेतो.

मात्र सुईदोरा यांच्या मूळ प्रश्नातच एक गृहीतक दडले आहे, ते दाखवावेसे वाटते. ‘एका दिवसाचा पोशाख’ म्हणताना आपण पोशाख आणि व्यक्ती यांची गल्लत करतो. कोरियातील ‘ह्वारोत’ पाहा. लाल रेशमावर कमळे, पिओनीची फुले आणि पक्षी भरतकामाने काढलेला हा झगा मूळचा दरबारातील स्त्रियांचा; पण जोसोन राजवटीच्या काळात सामान्य घरातल्या मुलीलाही लग्नाच्या दिवशी तो घालण्याची मुभा असे. चीनमध्येही मिंग आणि छिंग राजवटींच्या काळात अधिकाऱ्यांच्या स्त्रियांचा थाट, म्हणजे फिनिक्स पक्ष्यांचा मुकुट आणि खांद्यावरून सोडलेला नक्षीदार पट्टा, वधूला एका दिवसापुरता मोकळा होता. म्हणजे उसनी घेतलेली असे ती प्रतिष्ठा.

आणि झगाही बहुधा उसनाच असे! एवढे भरतकाम प्रत्येक घराला परवडणारे नव्हते, म्हणून गावात मिळून एक ह्वारोत ठेवीत आणि तो वधूमागून वधूला जाई. उरलेल्या ह्वारोतांच्या गळ्याला आणि बाह्यांच्या टोकांना पांढरा कागद लावलेला आढळतो, तो मळला की काढून नवा लावता यावा म्हणून. वधूच्या दृष्टीने तो एका दिवसाचा पोशाख, पण झग्याच्या दृष्टीने पिढ्यांचा. स्वीडनमध्ये चर्चकडे असलेला वधूमुकुट गावातल्या मुलींना लग्नापुरता दिला जाई, तोही हाच प्रकार. तेव्हा नवे आहे ते ‘एका दिवसापुरते घालणे’ नव्हे. एका दिवसापुरते विकत घेऊन मग कोणालाच न देणे, हे नवे आहे.

निरीक्षक

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मला वाटते धाग्याचे शीर्षक बदलावे लागणार.

सुईदोरा

शीर्षक राहू द्यावे. चूक कुठे होती हे वाचणाऱ्याला दिसावे. अक्षरवेल्हाळ यांची दुरुस्ती मी मान्य करते.

या दुरुस्तीनंतर युद्धोत्तर काळाकडे पाहिले की बरेच काही सुसंगत लागते. रेशनिंग संपले, फ्रेंच वेशभूषाकार डिओरने १९४७ मध्ये पुन्हा आणलेला बारीक कमरेचा आणि भरघोस घेराचा घाट वधूवेशाने उचलला, आणि रोजच्या फॅशनने तो सोडल्यावरही वधूवेशाने सोडला नाही. २९ जुलै १९८१ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये डायना आली तेव्हा तिचा हस्तिदंती तॅफेटाचा सोगा २५ फूट लांब होता. काचेच्या बग्गीत तो कोंबून बसवावा लागला होता, आणि ती उतरली तेव्हा चुरगळल्याच्या रेषा जगभर दूरचित्रवाणीवर दिसल्या. तो पोशाख पुढे कधी कुठे घालता येईल असा विचारही कोणी केला नसणार.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मी मूळ लेखात दुर्लक्ष केले. घालणारीचे नाव राहते, शिवणारीचे राहत नाही. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॅकलिन बूव्हिए यांचे जॉन केनेडी यांच्याशी लग्न झाले, तो पोशाख न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय वेशभूषाकार ॲन लो यांनी केला होता. लग्नाला दहाएक दिवस उरलेले असताना त्यांच्या कार्यशाळेत नळ फुटून तयार झालेला वधूवेश आणि करवल्यांचे बहुतेक पोशाख खराब झाले. त्यांनी नवे कापड आणून, माणसे लावून सगळे पुन्हा उभे केले, त्यात स्वतःचा तोटा सोसला आणि वधूच्या घरच्यांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. लग्नाची वर्णने रकानेच्या रकाने छापून आली. त्यांत त्यांचे नाव जवळजवळ नव्हते. बिअर गावातल्या त्या २०० बायकांची नावे तरी आपल्याला कुठे तोंडपाठ आहेत? याबाबतीत २०११ साल थोडे बरे म्हणायचे. केट मिडलटनच्या पोशाखाच्या लेसचे काम रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कने केले हे जाहीर झाले, आणि लेसवर डाग पडू नये म्हणून तिथल्या कारागीर दर अर्ध्या तासाने हात धुवत आणि दर तीन तासांनी सुई बदलत, एवढा तपशीलही लोकांपर्यंत पोचला.

जुना चष्मा

माझी छायाचित्राची चूक सुधारल्याबद्दल आभार. एकच विचारतो : ज्या पोशाखापासून ही सगळी चर्चा निघाली, तो व्हिक्टोरियाने तरी एकदाच घातला का?

पानगळ

सॅटिनचा झगा ठेवून दिला गेला, पण लेस तिने कधीच पेटीत पडू दिली नाही. मुलांच्या नामकरणांना तीच झालर तिने दुसऱ्या पोशाखांवर लावली. धाकटी मुलगी बिॲट्रिस १८८५ साली लग्नाला उभी राहिली तेव्हा व्हेल आईचाच होता. १८९३ साली नातवाच्या लग्नात राणीने पुन्हा ती लेस आणि व्हेल घातला. त्या वेळी काढलेले छायाचित्रच १८९७ च्या हीरकमहोत्सवात अधिकृत म्हणून सर्वत्र लागले. त्यात काळ्या विधवावेशावरून ती पांढरी झालर उतरलेली स्पष्ट दिसते. १९०१ च्या जानेवारीत ती वारली, तेव्हा तिने आधीच लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे शवपेटीत तिच्या चेहऱ्यावर तोच व्हेल घालण्यात आला.